दोन्हीकडची हरकत

बारामती,
२३ सप्टेंबर १९९६

तीर्थरूप आबा,

वाकून नमस्कार, तुम्हाला आणि भामाकाकीला. काकीचा गुडघा कसा आहे, हे दोन कोसांवर राहून पोस्टानं विचारावं लागतंय, याला तुम्हीच जबाबदार. माळावर पाऊल टाकायचं नाही असं तुम्ही बजावलंत. पत्र टाकायचं नाही असं काही म्हणाला नव्हतात, म्हणून हे धाडस.

माझं बरं चाललंय. पुण्याच्या एका नगररचनाकारांकडे नकाशे काढते. सध्या बारामतीचंच काम आहे. पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत शहर वाढणार, तर ते कुठल्या अंगानं वाढावं, घरं, रस्ते, बाजार कुठं यावेत, ते आत्ताच ठरवून ठेवायचं. मला मोठी गंमत वाटते आबा. ज्यांच्यासाठी शाळेची जागा राखतोय, ती पोरं अजून जन्मायची आहेत. वडिलांमागे तुम्ही मला होस्टेलला ठेवून शिकवलंत, ते असं कामी येतंय.

आता खरं काम. मसुद्यात शहर इंदापूर रस्त्यानं पुढं सरकवत तुमच्या माळावर आणलंय. रागवण्याआधी पुढचं वाचा. पाहणी करणारे पौषात आले होते. पौषात तुम्ही कुठं असता? मेंढरं घेऊन कोकणात. घरांच्या दारांना काट्या लावलेल्या, चुली थंड, कुत्रंसुद्धा नाही. त्यांनी 'पडीक, वस्ती नाही' असं लिहिलं आणि निघून गेले. अर्धं वर्ष जिथं आपली सगळी भावकी नांदते, ती जागा कागदावर रिकामी झाली. मला आधी हसू आलं, मग असा संताप आला की हातातला चहा तसाच राहिला.

साहेबांना सांगितलं. माणूस सरळ आहे, चूक लगेच मान्य केली. पण नुसतं माझ्या सांगण्यावर बदल होत नाही, तिथल्या लोकांनी हरकत घ्यावी, सुनावणीला येऊन बोलावं लागतं. सुनावणी दिवाळीनंतर ठेवली होती, म्हणजे तुम्ही पुन्हा घाटाखाली. मी भांडून ती दसऱ्याच्या आधी आणली.

एवढ्यानं भागत नाही मात्र. माळ सुटला तर शहर कालव्याकडं वळतं, बागांवर. तिथं पहिलीच बाग एकांची आहे, पेरूची. एकांची म्हणजे कुणाची, हे तुम्ही ओळखलं असणार. मीच मघापासून लांबण लावतेय. ती मामंजींची आहे. ज्यांच्या अविराजशी मी तुमचा शब्द मोडून लग्न केलं, त्या माझ्या सासऱ्यांची.

तुम्ही एकट्यानं हरकत घेतली तर बाग जाते. त्यांनी एकट्यानं घेतली तर माळ जातो. दोन्ही घरं माझी आहेत, हे मी साहेबांना सांगून टाकलं, तेव्हा त्यांनी या भागाचा नकाशा माझ्याकडून काढून घेतला. बरंच झालं.

तिसरी जागा आहे. पलीकडची मुरमाड टेकाडं. तिथं कुसळांशिवाय काही उगवत नाही, कुणाचं पोट त्यावर नाही. पाणी वर चढवायला खर्च जास्त, म्हणून ती मागं पडली. माळ आणि बाग, दोन्हीकडून मिळून ही एकच मागणी आली तर ती लावून धरायला साहेबांना बळ येईल. शहर वाढू दे आबा, वाढलंच पाहिजे. आपल्या पोरांनाही शाळा, दवाखाना हवाच आहे. फक्त पिकतं नि चरतं ते सोडून वाढू दे. हे होईल, असं मला मनापासून वाटतं.

मामंजींना सांगितलं तेव्हा वाटलं, बाग वाचवायला ते आधी धावतील. ते बांधावर टेकले. मग म्हणाले, "आबाजीच्या माळावर गाव ढकलून मला बाग राखायची न्हाय. त्यो आला तर दोगं मिळून बोलू. न्हाय आला, तर मी बी जात न्हाय."

आणखी एक. पूर्वी दरसाल कोकणात निघताना तुमची मेंढरं रात्री त्यांच्या रानात लेंडीखतासाठी बसायची. माझ्या लग्नानंतर तुम्ही वाटच बदललीत. यंदा शेजारच्या सगळ्यांची ज्वारी पेरून झाली, मामंजींनी मात्र बागेलगतचं रान नांगरून मोकळं ठेवलंय. विचारलं तर म्हणाले, मेंढरं बसायची हायेत. कुणाची, म्हटलं, तर पाणी धरायला निघून गेले.

सुनावणी दसऱ्याआधीच्या सोमवारी सकाळी आहे. मी मागं भिंतीशी उभी असेन. माझ्याशी बोलला नाहीत तरी चालेल आबा. त्यांच्या शेजारी बसा.

तुमचीच लेक
(खोडलंत तरी पुन्हा लिहीन),
योगिनी