युनियनचा अर्थ

२ मे १९२८, बुधवार

ज्ञानबा जॉबरनं, म्हणजे मागवाल्यांच्या मुकादमानं, आज खात्यात बोलावून घेतलं. गिरणीच्या सबंध मागखात्यात इंग्रजी वाचणारा मी एकटाच की! मॅट्रिकला दोन मार्कांनी गेलो म्हणून काय झालं?

तात्याबाचा डावा हात मागच्या महिन्यात मोडला. त्याचा दवाखान्याचा कागद गुंडानं आणून दिला आणि तो आपल्या मागावर निघून गेला. हा गुंडा तात्याबाच्या शेजारच्या मागावर असतो, आणि आता त्याचा व्याही होणार — तात्याबाची बनाबाई गुंडाच्या येडूला दिलीय, सुपारी फुटलीय, ज्येष्ठात लग्न.

कागदावर होतं, 'युनियन प्रोग्रेसिंग वेल. मे जॉइन आफ्टर सिक्स वीक्स.' मी घडाघडा अर्थ सांगितला — युनियनचं काम जोरात चाललंय, सहा आठवड्यांनी जॉइन होणार. जॉबरचा चेहरा बघण्यासारखा झाला. तिकडे मुंबईत संप चाललाय, इकडे युनियन म्हटलं की हा बिथरतो. मागांच्या खडखडाटात आमचं बोलणं तिसऱ्या कुणाला ऐकू गेलं नाही.

डॉक्टरला ही उठाठेव कशाला, असं क्षणभर मनात आलं. पण जॉबर म्हणाला, "ईरप्पाण्णा, तुमी हाय म्हणून कळलं." मग कशाला पुढं विचार करतोय मी!

३ मे

तात्याबाचं नाव पटावरून काढलं. म्हणजे मीच काढलं, पट माझ्याकडेच असतो.

९ मे

मेलो! मेलो! ऑफिसनं दवाखान्याकडे अपघाताची हकीगत मागवली होती, ती आज आली. नक्कल करायला माझ्याकडेच. त्यात सरळ लिहिलंय — 'युनियन ऑफ द बोन.' हाडाचं युनियन! हाड जुळत आलंय, सहा आठवड्यांनी कामावर येऊ द्या, एवढंच बिचाऱ्या डॉक्टरानं लिहिलं होतं.

नक्कल करताना शाई सांडली. हेडक्लार्क विचारत होते, बरं नाही का? ऊन लागलं म्हणालो.

१० मे

डिक्शनरी काढली. धूळ झटकून काढावी लागली, यातच सगळं आलं. युनियन — जोड, मिलाप, ऐक्य, विवाह. विवाहसुद्धा! जॉइन — सांधणे, जोडणे, सामील होणे. होटगीचं जंक्शनही याच कुळातलं. बैलांच्या मानेवरच्या जूला इंग्रज योक म्हणतात, तेही जोडण्यातलंच.

आणि आपल्यात काय वेगळं आहे? हाड जुळतं, सोयरीक जुळते, दोघांचं सूत जुळतं. एकच शब्द. घरात लहानपणापासून ऐकलेला. हे मला त्या वेळी सुचू नये? स्वतःला दोन थोबाडीत माराव्यात असं वाटतंय.

उद्या जॉबरला सांगायचं.

११ मे

नाही सांगितलं.

१३ मे, रविवार

सकाळी तात्याबा घरी आला. हात गळ्यात बांधलेला. साहेबाला अर्ज लिहून पाहिजे. बायकोनं, अक्कम्मानं, भाकरी वाढली, पण तो दोन घासांवर उठला.

हे सगळं कागदावरून झालं, हे त्याला माहीतच नाही! जॉबर एवढंच म्हणाला म्हणे, तुझी युनियनची भानगड आम्हाला कळलीय. तात्याबानं घरी बसून हिशेब लावला. दिवाळीत एकदा चहा पिताना तो गुंडाजवळ बोलला होता, की युनियन आली तर आपल्याला बरं होईल. बाकी कुणाजवळ अवाक्षर काढलं नाही. आणि त्या दिवशी जॉबरकडे गेला होता तो गुंडाच.

मला म्हणाला, "तुमी शिकल्यालं मानूस. तुमीच सांगा, गुंडानंच सांगितलं न्हवं?"

मी दौतीत टाक बुडवला. पुन्हा बुडवला. तो मान हलवून म्हणाला, "व्हय. मला वाटलंच हुतं."

अर्ज लिहून दिला. झकास इंग्रजीत. खरी गोष्ट तेवढी त्यात नाही. अरे नीच माणसा!

१७ मे

तात्याबानं सुपारीचं लुगडं गुंडाकडे परत पाठवलं. गुंडानं येडूच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली म्हणे. तात्याबा ऐकत नाही.

२२ मे

अक्कम्माला सगळं सांगून टाकलं. ती भांडी घासत होती. वर न बघता कानडीत म्हणाली, "होगि हेळि बर्री." जाऊन सांगून या — जसं काही बाजारातून मीठ आणायचंय! मी समजावलं, हेडक्लार्क या महिन्यात जाणार, त्यांच्या जागी माझं नाव आहे, इंग्रजी येतं म्हणूनच आहे. 'इंग्रजी येतं' म्हटल्यावर तिनं बघितलं माझ्याकडे. तेव्हापासून बोलत नाही.

२६ मे

तात्याबा चंबूगबाळं घेऊन मंद्रूपला भावाकडे गेला. गुंडा मागावर मान खाली घालून असतो. त्याच्याशी कुणी बोलत नाही. मी तर नाहीच.

३० मे, बुधवार

आज दुपारी जॉबरजवळ गेलो होतो. अगदी तोंडाशी आलं होतं. पण नेमणूक शनिवारी कळणार आहे. इतके दिवस गेले, त्यात तीन दिवसांनी काय होतंय? शनिवारी काय ते कळू दे, लगेच सांगतो. देवाशप्पथ सांगतो.

२ जून, शनिवार

हेडक्लार्क झालो.

संध्याकाळी जॉबरला गाठलं आणि एका दमात सांगितलं. वाटलं होतं, उभा जाळेल. तो डोक्याला हात लावून हसतच सुटला. मग म्हणाला, "आना त्याला. माग मोकळाच हाय." बस्स, एवढंच! एवढ्याला मी महिनाभर भीत होतो!

गुंडाच्याही घरी गेलो. त्यानं ऐकून घेतलं, पाणी दिलं. तात्याबा हो म्हणत असेल तर लग्न अजून ठरल्या तिथीला होईल म्हणाला. येडू भिंतीला टेकून उभा होता. अक्कम्मा आज बोलली. पहाटे मंद्रूपला निघतो.

३ जून, रविवार

मंद्रूप. तात्याबाला सगळं सांगितलं. त्यानं शिवी दिली नाही. एवढंच म्हणाला, "दोन दिस आदी आला आसता तर." दारात मांडव होता. बनाबाईला परवा वैरागच्या बिजवराला दिली, दोन लेकरांच्या.