गंधालीच्या गाडीचे पहिलेच पॅड

रविवार, ९ नोव्हेंबर

पहिली आली ती मुलाची आई! अकराची वेळ दिलेली आणि बाई दहालाच दारात. मी गाऊनमध्ये, माझे दात वाटीत, आमच्या सूनबाई रेवती डोक्याला टॉवेल गुंडाळून. आणि जिला बघायला आले ती माझी नात गंधाली अजून अंथरुणात! "बोरिवलीहून टॅक्सीने लवकर निघालो, रस्ता मोकळा मिळाला. हे आणि श्रेयस कोपऱ्यावर मिठाई घेतायत, मी पुढे आले," म्हणाली. बसा म्हटलं तर सरळ स्वयंपाकघरात आली आणि कोथिंबीर निवडायला लागली. नाव कुंदा. मला बाई आवडली. कोथिंबीर निवडताना देठ टाकून देत नाही.

मग ते दोघे आले. मुलाचे वडील बाळासाहेब, बँकेतनं रिटायर झालेले. आवाज असा की शेजारच्या बिल्डिंगला कळलं पाहुणे आले म्हणून. आणि श्रेयस. उंच, नीटस, चष्मा. वाकून नमस्कार केला. पोहे मागून घेतले. झकास!

पोहे झाले, चहा झाला, पत्रिका झाली. मग त्यांना घाटकोपरला कुंदाबाईंच्या बहिणीकडे जायचं होतं. गंधाली म्हणाली, "मी सोडते ना." तिने मागच्या वर्षी गाडी घेतली, हायब्रिड. म्हणजे पेट्रोलवर पण चालते आणि आतल्या बॅटरीवर पण. जुनीच घेतली, पण स्वतःच्या पगारावर. बाळासाहेब पुढे बसले, आम्ही तिघं मागे. हो, मी पण! मी कशाला घरी राहते!

भांडुप ओलांडलं आणि सिग्नलला ब्रेक लागला, तसा पुढून आवाज आला. खर्रर्र.

बाळासाहेब म्हणाले, "ब्रेकचे पॅड गेलेत. कधी बदललेस?"

"नाही बदलले काका, आधीच्या मालकानेही नाही. पहिलेच आहेत."

"किती चाललीये गाडी?"

"साठ हजार."

ते असे हसले! "साठ हजार किलोमीटर? या मुंबईच्या ट्रॅफिकमध्ये? अगं माझ्या गाडीचे तीस-पस्तीस हजारात जातात. शेंडी कुणाला लावतेस?"

गंधाली काही चिडली नाही. म्हणाली, काका, ही गाडी वेगळी. पाय उचलला की आतली मोटर गाडीला ओढून धरते, त्यातनंच वीज होते, ती बॅटरीत जाते. ब्रेक शेवटी थोडासाच लागतो. म्हणून पॅड लाखापर्यंत पण टिकतात.

"सगळं गाडी विकणाऱ्यांचं सांगणं," म्हणाले.

कुंदाबाई मागून म्हणाल्या, "अहो, गाडी ती चालवतेय ना? चालवू द्या की."

"तू गप्प बस गं."

श्रेयस खिडकीतनं बाहेर बघत होता. एवढी बोलाचाली झाली तरी तोंडातनं शब्द नाही. किती शांत मुलगा! माझा मुलगा नंदू असता तर मध्ये पडून दोन्हीकडनं बोलणी खाल्ली असती.

सोमवार, १० नोव्हेंबर

वाट लागली.

कुंदाबाईंचा फोन आला रेवतीला. मुलगी आवडली, घर आवडलं, आजी तर फारच आवडल्या (मी!), पण... हे म्हणतायत, मुलगी पटकन खोटं बोलते. ब्रेकसारख्या गोष्टीत खोटं बोलते, मग संसारात काय बोलेल? बिचारी हळू आवाजात सांगत होती. बाळासाहेब घरातच असणार.

नंदू ऑफिसातनं आला तो तापलेलाच. "एक मुलगा मनासारखा मिळाला आणि तू पॅडवरनं भांडलीस! जा, नवीन पॅड टाक आणि फोन करून सांग, काका चुकलं माझं."

गंधाली म्हणाली, "चुकलं काय माझं?"

"काय फरक पडतो!"

"मग सॉरी म्हणून काय फरक पडतो?"

बाप-लेक दोघं एकाच कणकेचे. मी मध्ये पडले. म्हटलं, नंदू, मी पोरीला ओळखते. खोटं बोलते तेव्हा तिच्या नाकपुड्या फुगतात, बालवाडीपासून. गाडीत मी आरशात बघत होते. नाक अगदी जागच्या जागी होतं.

तर गंधाली म्हणते, "आजी, चाक उघडूनच दाखवते. काकांना बोलवा. पॅड संपलेले निघाले तर जाहीर माफी मागते."

रेवतीने कपाळाला हात लावला. मला तर मज्जा वाटली! मुलगी बघण्याचा कार्यक्रम गॅरेजमध्ये. आमच्या खानदानात पहिलाच.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

बाळासाहेब येतो म्हणाले. शनिवारी.

बुधवार, १२ नोव्हेंबर

आज गंधाली घरूनच काम करत होती. आठवड्यातनं तीन दिवस घरनं, दोन दिवस मरोळला ऑफिसात. गाडी तेवढे दिवस नुसती उभी. जेवताना मी तिला म्हटलं, मला नीट समजाव, शनिवारी मी पण बोलणार.

तिने समजावलं. मी आपलं माझ्या पद्धतीने बसवलं. असं बघ — सून जर खरकटी भांडी आधी नळाखाली विसळून ठेवत असेल, तर घासायला काय उरतं? थोडंसं. मग घासणी टिकते. मोटर म्हणजे विसळणारी आणि पॅड म्हणजे घासणी. दुसऱ्या गाड्यांमध्ये विसळणारं कुणी नाही, सगळं घासणीवरच. म्हणून त्यांची लवकर झिजते. झालं!

गंधाली हसून लोटपोट. "आजी, हे आमच्या ऑफिसात कुणी एवढं सोपं सांगणार नाही." चौथी पास आहे म्हटलं मी, काय समजलीस.

फक्त एक गोष्ट तिलाही सांगता येईना. पॅड चांगले तर मग खर्रर्र का? ती म्हणाली, "तेच बघायचंय." मी म्हटलं, काळजी करू नको, मी आहे.

काय करणार होते मी, ते मलाच माहीत नाही. पण आहे म्हटलं.

शनिवार, १५ नोव्हेंबर

हात दुखतोय तरी लिहिते. आजचं राहिलं तर उद्या मीच मसाला लावून सांगेन.

गॅरेज चेकनाक्याच्या अलीकडे, सुशांतचं. गडी बोलका. बाळासाहेब आणि श्रेयस आले, कुंदाबाई पण आल्या. मला खुर्ची दिली. सुशांतने गाडी थोडी पुढे-मागे करून आवाज ऐकला आणि म्हणाला, "पॅडच गेलेत, मॅडम. ऐकूनच सांगतो."

बाळासाहेबांचा चेहरा फुलला! "ऐक. हा रोज हेच काम करणारा माणूस आहे."

गंधाली म्हणाली, "उघडा तर."

पुढचं उजवं चाक काढलं. त्या लोखंडी तबकडीला दोन्हीकडून चिकटून बसतात ते पॅड. सुशांतने काढून हातात घेतले, फिरवले, परत फिरवले. "अरे... हे तर अर्ध्याहून जास्त बाकी आहेत."

"बदललेले असतील कुणीतरी," बाळासाहेब.

"नाही साहेब, कंपनीचेच आहेत, मागे शिक्का आहे. अजून सहज साठ हजार जातील."

मी खुर्चीतनं टाळी वाजवली. रस्त्यावरचे लोक बघायला लागले. बघू दे!

मग डावं चाक काढलं. पॅड तिकडचे पण जाड. पण तबकडी — अगं आई गं! लाल. गंजाने नुसती खरवडलेली. आणि पॅड जिच्यावर सरकतात ती पिन घट्ट अडकलेली. आवाज तिथनं. सुशांत म्हणाला, "या गाड्यांचं हेच आहे. पॅड झिजून जात नाहीत, ब्रेक कमी लागतो म्हणून गंज चढतो आणि तो निघत नाही. पण एकाच चाकाला एवढा कसा? पाणी लागतं का इथे रोज? आणि हे पिवळं काय आहे?"

सगळे वाकून बघायला लागले. आत कडेकडेने पिवळं-तांबडं चिकटलेलं.

हळद-कुंकू.

माझं! आता सांगते ते सरळच. देवांना आंघोळ घातलेलं पाणी पायदळी जाऊ नये, म्हणून मी तुळशीला घालायचे. सोसायटीने खाली लाद्या बसवल्या आणि तुळशीची कुंडी गच्चीवर नेली. माझे गुडघे काय गच्ची चढत नाहीत. मग कुठे ओतायचं? आमचं घर तळमजल्यावर, गाडी खिडकीखालीच उभी असते. लक्ष्मीच ती घरची. तिच्या चाकाखाली कुणाचा पाय येणार? म्हणून रोज सकाळी डाव्या चाकावर तांब्या. सव्वा वर्ष! उजवं चाक पलीकडे कंपाउंडच्या भिंतीला, तिथे हात पोचत नाही, म्हणून ते वाचलं.

मी म्हटलं, "तीर्थ आहे ते." दुसरं काय म्हणणार!

आधी कुंदाबाईंना हसू फुटलं, मग गंधालीला, मग सुशांत खाली बसूनच हसायला लागला. सगळ्यात मोठ्याने बाळासाहेब. डोळे पुसत म्हणाले, "आजी, तुमच्या देवाने माझी फजिती केली." मग गंधालीकडे वळले आणि सगळ्यांसमोर कानाला हात लावला. "पोरी, खोटं बोलतेस म्हटलं, चुकलं माझं. शब्द मागे घेतो." गॅरेजमध्ये! एवढ्या मोठ्या माणसाने! मला तर भरूनच आलं.

सुशांतने पिन साफ करून ग्रीस लावलं. तबकडी घासून घेतली. म्हणाला, गाडी उभी ठेवू नका, आठवड्यातनं दोनदा मोकळ्या रस्त्यावर चार-पाच वेळा जोरात ब्रेक मारा, गंज आपोआप जाईल. आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "आजी, अभिषेक बंद."

तारेची घासणी ओली ठेवली की न घासताच सडते, हे मला कळायला हवं होतं. असो. गंधाली श्रेयसला घेऊन गाडी फिरवून बघायला गेली, आणि आम्ही म्हाताऱ्यांनी समोर कटिंग चहा घेतला.

रविवार, १६ नोव्हेंबर

होकार आला!!

बाळासाहेबांनी स्वतः फोन केला. "अशी सरळ मुलगी आम्हाला हवीच होती." अमावास्या गुरुवारी आहे, ती टळली की येऊन बोलणी पक्की करतो म्हणाले. नंदू गॅलरीत जाऊन डोळे पुसून आला, आम्हाला कळलं नाही असं त्याला वाटलं. रेवती साड्या काढून बसली. मी निऱ्या करून बघितली माझी मोरपिशी, जरा कमी पडते. पोट वाढलंय. असू दे.

मी सगळ्यांना फोन केले. चेंबूरच्या माझ्या बहिणीला, राधाला तर दोनदा, पहिल्या वेळी मी काय सांगितलं ते मलाच आठवेना.

एक गंधाली तेवढी गप्प. दमली असेल.

सोमवार, १७ नोव्हेंबर

दमली नव्हती.

देवाचं पाणी आता बादलीत जमवते आणि संध्याकाळी तिला गच्चीवर न्यायला सांगते. आज रिकामी बादली घेऊन आली खाली आणि माझ्याजवळच बसली. म्हणाली, "आजी, श्रेयसला माहीत होतं."

काय माहीत होतं?

शनिवारी गाडी फिरवताना तो अगदी खूश होऊन म्हणाला, "मला खात्रीच होती तू बरोबर आहेस. आमच्या ऑफिसच्या गाड्या सगळ्या हायब्रिड, त्यांच्या मेंटेनन्सचं मीच बघतो. एकीचे तर नव्वद हजाराला बदलले पॅड."

"मग त्या दिवशी गाडीत का नाही बोललास?"

"पप्पांसमोर कशाला? उगाच वाद. शेवटी झालं ना सगळं नीट."

मी म्हटलं, अगं, मुलं असतात अशी वडिलांना धरून. वाईट नाही तो. दारू नाही, सिगरेट नाही. आवाज चढवत नाही.

"नसेल चढवत. पण काढायचा तर होता! आठवडाभर मी त्यांच्या घरात खोटारडी होते, आजी. रोज जेवताना माझा विषय निघत असेल. आणि हा शेजारी बसून भात कालवत होता."

मी तिला रागावले. म्हटलं, एवढ्या तेवढ्यावरनं स्थळ मोडतात का? नंदूकडे बघ, तुझ्या आईकडे बघ. मी ऐंशीला आले, मला तुझं लग्न बघायचंय. ती उठून आत गेली. बादली तिथेच राहिली.

पडल्या पडल्या आठवत होते. घाटकोपरपर्यंतचा तो रस्ता. मी त्याच्या खांद्याला खांदा लावून बसले होते, आणि मला शांत वाटला.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

गंधालीचा नकार. नंदू माझ्याकडे बघत होता, मी समजूत घालीन म्हणून. मी म्हटलं, माझं पण नाहीच. रेवतीने साड्या परत कपाटात ठेवल्या. फोनवर नको, बाळासाहेबांनी सगळ्यांसमोर माझी माफी मागितली, त्यांना मी समोरच सांगणार, म्हणते गंधाली. बरोबर आहे.

मंडळी रविवारी येणार आहेत, तेवीस तारखेला. साखर घेऊन येतो म्हणालीत.