भिंतीवरून गाळलेले दोन शब्द

लिंबायत, सुरत
४ फेब्रुवारी १९९७

प्रिय वत्सला,

वर्षाच्या काविळीसाठी तू पाठवलेली मुळी पोचली. मी ती ठेवून घेतली आहे, तुझ्या लेकीला दिली नाही. तिला कावीळ नाही. वाल्मिकने, तुझ्या जावयाने, तुला भिऊन तसं कळवलं. तिला दिवस गेलेत, दहावा आठवडा आहे, आणि तिला हे बाळंतपण नको आहे. इथेच पत्र बाजूला ठेवू नकोस. पुढचा दोष माझा आहे, तो तरी ऐक.

अमळनेरच्या शाळेत आपण वादविवादाला उभ्या राहायचो. मुद्दे तू लिहून द्यायचीस, टाळ्या मी घ्यायचे. इथेही माझं तेच चाललंय. गेल्या वर्षी गर्भाची लिंगतपासणी बंद करणारा कायदा लागू झाला आणि मुली पाडणाऱ्यांवर मी गल्लोगल्ली तुटून पडले. आमच्या महिला मंडळाच्या भिंतीवर लिहायचं ठरलं : मुलगी म्हणून गर्भपात करणं गुन्हा आहे. मध्ये खिडकी आली, ओळ मावेना. रंगारी म्हणाला, अक्षर बारीक करतो. मी म्हटलं, अक्षर मोठंच ठेव, पहिले दोन शब्द गाळ. घोषणा आटोपशीर झाली म्हणून वर खूशही झाले.

त्या भिंतीखालीच नळ आहे. वर्षा रोज तिथे हंडा लावते. मोठी दोन वर्षांची, धाकटी सात महिन्यांची. वाल्मिक बारा तास लूमवर, आणि ही घरी साड्यांना टिकल्या चिकटवते. बसवलेली तांबी कधी पडून गेली ते तिला कळलंच नाही. दवाखान्यात जायचं ठरवलं होतं तिने, पण रोज ती ओळ वाचून थांबली. शेवटी पलीकडच्या गल्लीतल्या एका बाईचा काढा प्याली. दोन दिवस रक्त गेलं आणि नळावरच कोसळली. गर्भ राहिला, ही मात्र पांढरीफटक पडली. दवाखान्यात नेताना रिक्षात मी तिच्यावर रागावले, आधी मला का नाही विचारलंस? तर म्हणते, "तूच लिखं ना मावशी भितवर, गुन्हा शे म्हनीसन. मंग तुलेच कशी इचारू?" तिचं डोकं मांडीवर घेऊन बसलेली शेजारची मंगलाबाई मला म्हणाली, "भाषणाला दोन तास पुरत नाहीत तुम्हाला, पुष्पाबाई, आणि भिंतीवर दोन शब्द जड झाले?"

वत्सला, पंचवीस वर्षांपासून कायदा आहे. तांबी फसलेल्या विवाहितेला मान्यता असलेल्या दवाखान्यात गर्भपात करून घेता येतो. बारा आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं. सज्ञान बाईला नवऱ्याची सही लागत नाही. तरी दवाखान्यातल्या कारकुनाने ती मागितलीच. वाल्मिक म्हणाला, सासूबाईंना, म्हणजे तुला, विचारतो, नातवासाठी त्यांनी सप्तशृंगीला नवस बोललाय. मी कायद्याचं पुस्तक टेबलावर ठेवलं. डॉक्टरीणबाईंनी वाचलं आणि म्हणाल्या, हिचीच सही घ्या. पोटात मुलगा आहे की मुलगी ते कोणी पाहिलेलं नाही, पाहणारही नाही. माझ्या मते हा कायदाही अर्धाच आहे, कारण शेवटचा शब्द डॉक्टरचा, बाईचा नाही. पण ते भांडण मी सभेत करीन.

काल शिडी लावून मी ते दोन शब्द खिडकीच्या वर स्वतः लिहिले. वाकडे आलेत. खाली आणखी एक ओळ लिहिली : इतर अडचण असेल तर दवाखान्यात जा, घाबरू नका.

वर्षाने सही केली, पूर्ण नाव लिहून. शुक्रवारी सकाळी तिला बोलावलंय. पोरींना मंगलाबाई सांभाळेल, वाल्मिकने रजा टाकली आहे, रक्ताची सोय झाली आहे. हे तुला कळवू का, असं मी तिला विचारलं तेव्हा ती टिकल्यांचा डबा उघडत-मिटत बसली. मग म्हणाली, तूच लिही, मला जमणार नाही. आणि एवढंच विचारलं, आई येईल का? हजार बायांपुढे बोलणारी मी, तशीच उठून हे पत्र लिहायला बसले. टपालाला उशीर होईल म्हणून हे आज तुमच्या गावी निघालेल्या, आमच्या गल्लीतल्या सुकदेवच्या हाती देतेय. गुरुवारी तो परत निघेल. त्याच्याबरोबर गाडीत बस. नवसाचं देवीशी मी बोलेन, तू फक्त लेकीजवळ ये.

वाट पाहणारी, तुझीच
पुष्पा