टणटण्याचा डावा कान

१२ जानेवारी

मिळालं! टणटण्याचा पोशाख मीच करणार! कानांपासून पंजांपर्यंत आख्खा! आमच्या वर्कशॉपचे सर्वेसर्वा, म्हणजे काका, सगळ्यांसमोर म्हणाले, "हिलाच द्या. ही त्या सशाबरोबर वाढलीये." मी जागच्या जागी उडी मारली. गोंदाचा डबा लवंडला. चालायचंच!

लहानपणी घरात एकच टणटण्या होता, तोही दादाचा. वीतभर उंचीचा प्लास्टिकचा ससा, हिरवा अंगरखा, कमरेला तलवार. संध्याकाळी टीव्हीवर त्याचं कार्टून लागायचं आणि आम्ही दोघं सोफ्यावरून गाद्यांवर उड्या घ्यायचो. आणि आता त्याचा खराखुरा सिनेमा – जिवंत माणसं, जिवंत घोडे, आणि मधोमध माझा ससा!

१९ जानेवारी

खेळणी बनवणाऱ्या कंपनीने नमुने पाठवलेत म्हणे, पण ते बंदरावरच अडकलेत. काका घायकुतीला आलेत. शेवटी मीच दादाकडे गेले. त्याने कपाटातून टणटण्या काढला तो तान्हं बाळ काढावं तसा.

"ने. पण हीटरपासून लांब ठेव हं!"

झालं सुरू! सहा वर्षांची होते मी. त्याला थंडी वाजत असेल म्हणून हीटरवर ठेवला होता. दादा तीन दिवस बोलला नाही. वर शिक्षा – माझी सायकलची पाळी वर्षभर त्याला. चौतीस वर्षं झाली, चार माणसं जमली की हा विषय निघतोच. वहिनीला तर लग्नाआधीच सांगून ठेवलं होतं. मीही हसते. पण टोचतं. त्याचं एवढं लाडकं खेळणं, आणि मी त्याची वाट लावली.

२० जानेवारी

स्कॅन झालं. टणटण्या एका मिनिटात कॉम्प्युटरवर गरगर फिरायला लागला. मी टाळ्या वाजवल्या. एकटीनेच.

८ फेब्रुवारी

डोकं तयार! काका चष्मा कपाळावर चढवून बघत राहिले. "डाव्या कानात काय जान आलीये गं!" खरंच, तो असा खाली वळलाय की आत्ता काहीतरी कुजबुजेल.

३ मार्च

उडीवाल्याने (टणटण्याच्या आत जो शिरणार आहे तो) आज पोशाख घालून बघितला. तीन कोलांट्या मारल्या, टेबलावरून उडी घेतली, आणि मग म्हणाला, "ताई, एक शंका. बसायचं कसं?"

बसताच येत नाही! खेळण्याचे गुडघे वाकत नाहीत, म्हणून आम्ही पोशाखाचेही नाही वाकवले. शहाणपणाची कमाल! त्याला भिंतीला टेकवून चहा पाजला, स्ट्रॉने. मग दिवसभर गुडघे उसवत बसले.

२ एप्रिल

सगळा घोटाळा झाला!

सकाळी कंपनीच्या बाई पसंती द्यायला आल्या. हसऱ्या, नीटनेटक्या. सोबत नमुन्यांचं खोकं, अखेर सुटलेलं. पोशाखाभोवती एक फेरी मारली आणि थांबल्या. "हा कान कुणी वाकवला?"

खोकं उघडलं. बारा टणटणे. चोवीस कान, सगळे सरळ ताठ!

हीटर! मला माहीत होतं की हो! मीच तर वाकवला होता! पण इतकी वर्षं बघून बघून माझ्यासाठी टणटण्या असाच होता. आणि कार्टूनमध्ये तो कायम एकाच बाजूने पळतो, डावा कान उजव्याच्या मागे लपलेला – त्यामुळे बाकी कुणाच्या लक्षात येणं शक्यच नव्हतं. काका माझ्यावर विसंबले होते. एकच कान दुसऱ्यांदा बिघडवला मी!

एक खराब झालं तर दुसरं म्हणून पोशाखाची सहा डोकी तयार आहेत. नऊ दिवसांनी शूटिंग. बाई म्हणाल्या, "हे काम दुसरीकडे द्यावं लागेल." काका डोक्यांवर चादर टाकायला लागले. तेच जास्त लागलं.

३ एप्रिल

दिग्दर्शकांनी बोलावलं. मी खरं तेच सांगितलं – थंडी, हीटर, सायकल, सगळं. सांगता सांगता रडूही आलं. मागे उडीवाला टणटण्याचं डोकं घालून उभा होता. त्याने नुसती मान तिरकी केली. कान हलला.

मग कंपनीच्या बाई हळूच म्हणाल्या, "लहानपणी माझ्याकडच्या टणटण्याचं शेपूट कुत्र्याने खाल्लं होतं."

काकांना ठसका लागला. दिग्दर्शक खो-खो हसले. मग बाईही!

कान राहिला! अट एकच – कान का वाकलाय ते सिनेमात कळलं पाहिजे. दिग्दर्शक म्हणाले, "कळेल. तुमचंच वाक्य घेतो."

मी राहिले! मी राहिले!

२७ मे

आज तो शॉट. कथेतली छोटी राजकन्या विचारते, "तुझ्या कानाला काय झालं?" टणटण्या गुडघ्यावर बसतो (बसतो! माझे गुडघे!) आणि म्हणतो, "माझ्या धाकट्या बहिणीला वाटलं, मला थंडी वाजतेय."

लाइटवाले डोळे पुसत होते. मी तर विचारूच नका.

१६ जानेवारी

वर्षभराने आज सिनेमाचा पहिला खेळ. दादाला हट्टाने शेजारी बसवलं. हॉल पोरांनी गच्च भरलेला. ते वाक्य आलं आणि पुढच्या रांगेतल्या एका चिमुरडीने आपला डावा कान हाताने दुमडला. मग तिच्या शेजारचीने. मग सगळी रांगच! मी दादाला कोपराने ढोसलं, "बघ, माझा गुन्हा किती गाजतोय!"

तो हसला नाही. खेळणं न विचारता सिनेमात नेलं म्हणून रागावला की काय? पण विचारूनच तर नेलं होतं.

१७ जानेवारी

सकाळीच दादा सायकलवरून आला. पिशवीत टणटण्या. पायरीवर बसला, आणि वर न बघता म्हणाला –

"हीटरवर मी ठेवला होता. भिजला होता, म्हणून वाळत घातला. आई ओरडेल म्हणून तुझं नाव सांगितलं. तू लगेच माफी मागितलीस. मग कसं सांगणार? पुढे पुढे मलाही तेच खरं वाटायला लागलं. काल टणटण्याने एवढ्या पोरांसमोर तुझी बाजू घेतली गं."

पण मला आठवतंय! त्याचे गार पंजे, त्याला थंडी वाजतेय असं वाटलेलं – मग ते कुठून आलं? देव जाणे.

जाम राग आला. पाच मिनिटं. मग त्याच्या हातातून किल्ली घेतली. सायकल वर्षभर माझ्याकडे राहणार आहे. दादा टणटण्याला काखोटीला मारून चालत घरी गेला.