भुईचाफ्याचा वाफा

१२ ऑक्टोबर १९५७, परंडा
मुलींच्या शाळेत रुजू झाले! आमच्या घरातली मी पहिली पदवीधर. आता इथल्या लेकींना शिकवीन. खोलीही छान मिळाली. घरमालकीण इरम्मा एकट्याच राहतात. वय चाळिशीच्या आतलं, पण केस पांढरेशुभ्र. मागं उंच भिंतीचं परस. बाग करते म्हटलं, तर म्हणाल्या, "बी.ए. झालेली बाई खुरपं धरती व्हय? बघू तरी!"

१९ ऑक्टोबर
शाळेतल्या वनमालाबाईंनी भुईचाफ्याचे कंद दिले. आता लावायचे, हिवाळाभर मातीत निजू द्यायचे. चैत्रात पानाआधी फूल येतं, उघड्या जमिनीतून. मुलींना दाखवायला किती छान! भिंतीकडेचा तुकडा निवडला. तिथं गवतही नाही. माती पांढरट, चाखली तर खारट. अशी जमीन सुधारता येते. इरम्मांना विचारलं. त्यांनी होकाराची मान हलवली.

२७ ऑक्टोबर
रविवार. खारी माती खरवडून दूर टाकली, पाणी सोडलं, शेणखत घातलं, कंद लावले. इरम्मा पायरीवर बसून पाहत होत्या. हात लावा म्हटलं, तर त्यांनी हात पदराखाली घेतले.

३ नोव्हेंबर
सकाळी कंद वर आलेले. भातुकलीतल्या लाडवांसारखे ओळीनं मांडलेले. घुशीचं काम असेल. पुन्हा लावले.

६ नोव्हेंबर
पुन्हा तेच. एका कंदावर दातांचे ठसे, दुधाच्या दातांचे. इरम्मांना दाखवला. त्या रडल्या, मग हसल्या, मग बोलल्या. रझाकारांच्या दिवसांत त्यांची चार वर्षांची महादेवी तापानं गेली. दाराबाहेर पडता येईना. त्यांच्या लिंगायत रीतीनं, बसवून, मीठ घालून, परसातच पुरली. "मिठानं धरून ठिवलं तिला. ज्यानं घातलं त्याच्या हातानं ते निघत न्हाय, बाई. तुमी सोडवली."
मला संताप आला. सगळी अंधश्रद्धा, असं म्हणायचं होतं. पण कंद हातात होता.

११ नोव्हेंबर
दिवेलागणीला दिसली. वाफ्यात उकिडवी, ओल्या मातीची. इरम्मांनी दूधभात कालवून हाक मारली, "म्हादे, ये की गं." तिनं ते पांढरे केस पाहिले आणि किंचाळली. तिच्या आठवणीतली आई काळ्याभोर केसांची होती. तरणी. माझ्यासारखी -
ती माझ्याकडं धावली. मी दार लावून घेतलं.

१२ नोव्हेंबर
शाळेत गेले नाही. इरम्मा दाराशी बसून आहेत. रागावत नाहीत. एकदाच तिला माझ्या मांडीवर द्या म्हणतात, तुमच्या हातून येईल. नऊ वर्षं वाट पाहिली म्हणतात. ऐकवत नाही -

१३ नोव्हेंबर
दिली. उचलली तर काहीच वजन नाही. इरम्मांनी पदरानं तिचं तोंड पुसलं. तिनं त्यांना न्याहाळलं. परक्या बाईकडं बघावं तसं - मग वळून माझा पदर धरला. इरम्मा तिची मूठ सोडवू लागल्या, आणि थांबल्या. म्हणाल्या, "जावा बाई तिच्यासंगं. एकटी निजत न्हाय ती."

सांज
मला परसात ठेवून इरम्मांनी आतून कडी घातली. दाराआड रडताहेत. परसाला दुसरं दार नाही. वही गुडघ्यावर - ती शेजारी बसली आहे. मला आई म्हणते. हात फार गार -
वाफ्याकडं बोट करून चल म्हणते. मी म्हटलं, एवढी ओळ पुरी होऊ दे, मग