मामा की काका

३ नोव्हें., सोमवार
दिनूमामाचे आज दोन फोन. एक मी ऑफिसला निघताना, दुसरा दुपारी. काय म्हणत होता विचारलं तर आई म्हणे, "काई नाई, तब्येत इचारे." चार वर्षं, म्हणजे बाबा गेल्यापासून, त्याला आईची तब्येत कधी आठवली नव्हती. यंदा भाऊबीजेला मात्र जानेफळहून हजर. मेंदी रंगाची साडी, घरचे दोन किलो मूग, आणि आल्या आल्या आक्काच्या, म्हणजे आईच्या, पायावर डोकं. मी तेव्हाच मनात म्हटलं, काहीतरी शिजतंय.

(यापुढे दि.मा. लिहीन. पूर्ण नाव लिहायचा कंटाळा.)

दुसरी बातमी चांगली. आम्ही दोघी बघतो त्या जपानी मालिकेचा, 'काजळी'चा, शेवटचा सिनेमा १४ तारखेला ऑनलाइन येतोय. मूळ जपानी नाव लांबलचक आहे, घरात आम्ही 'काजळी'च म्हणतो. आईला सांगितलं तर लाटणं हातात तसंच धरून म्हणाली, "सापडन का व आता तो खुनी?"

५ नोव्हें., बुध
कॉलेजच्या ऑफिसात ट्रेलर बघताना हेडक्लार्क सरांनी पकडलं. "मॅडम, कार्टून पाहून राह्यल्या का?" कार्टून! अकरा खून झालेत त्यात. डोंगरातलं गाव. कोणाचा खून झाला की त्याच्या घरच्या कंदिलाची काच आपोआप काळी होते, आणि मियो नावाची पोरगी त्या काजळीत बघते, मेलेल्या माणसाला शेवटचं काय दिसलं ते. खुन्याचा चेहरा तेवढा दरवेळी पुसलेला. तीन सीझन झाले, खुनी मोकळा. एवढं सगळं समजावून सांगितलं, तर सर म्हणाले, "आमच्या नातवाले सांगतो." जाऊ दे.

आईला कुठे कार्टून वाटतं? बाबा गेल्यावर ती दुपारभर भिंतीकडे बघत बसायची. मी लॅपटॉप उघडला की हळूहळू शेजारी येऊन बसायला लागली. खाली इंग्रजी अक्षरं येतात, ती मी मोठ्यानं मराठीत सांगते. तसंही या घरात वाचायचं खातं माझंच. लग्नपत्रिका, औषधाच्या चिठ्ठ्या, व्हॉट्सॲप, सगळं. आईला मोठ्या अक्षरातली पोथी जमते, बारीक अक्षर आणि सरकारी भाषा नाही.

तिचे नियम दोन. एकटीनं पुढे बघायचं नाही. आणि शेवट आधी सांगायचा नाही.

पहिल्या सीझनला तिने एक शब्द पकडला होता. आपल्या मोठ्या भावाला ते लोक 'आनी' म्हणतात. "आणि? आणि काय? पुढचं सांग ना वैशे!" आठवडाभर हसत होती. बाबा गेल्यानंतर ती हसली ते तेव्हाच पहिल्यांदा.

८ नोव्हें., शनि
काय शिजत होतं ते कळलं. फोन मी उचलला आणि स्पीकरवर टाकला. "आक्का, तेवढी हक्कसोडाची सही करून दे. मंगळवारी, अठरा तारखेले मेहकरले ये. मी ष्टँडवर घ्यायले येतो."

म्हणजे आजोबांच्या जमिनीत आईचं नाव लागलंय ते तिने आपल्या हाताने सोडून द्यायचं. विहिरीजवळचा तुकडाही? आजोबा खाटेवर होते तेव्हा मी माझ्या कानांनी ऐकलंय, "इहिरीचा तुकडा इंदूचा." इंदू म्हणजे आई. दि.मा. उशाशीच बसलेला होता. त्याला ऐकू गेलं नसेल असं नाही.

आईला विचारलं, देणार?
"मंग? वाटा घेतला त माहेर राह्यते का माह्यं?"
"चार वर्षं कुठे होतं माहेर?"
बोलायला नको होतं. ताट सरकवून उठली. भाकर तशीच राहिली.

९ नोव्हें., रवि
तयारी म्हणून तिसऱ्या सीझनचे शेवटचे तीन भाग परत बघितले. आईचा संशय पोस्टमनवर. ("तो उगाच हासते.") माझा मामावर.

मामा म्हणजे मियोचा. तिचे आईबाप नाहीत, हा छत्र्या दुरुस्त करतो आणि तिला सांभाळतो. जेवताना मासळीचे काटे काढून तिच्या ताटात ठेवतो. आईचा सगळ्यात लाडका माणूस. मी म्हटलं, खून होतो तेव्हा हा कधीच घरात नसतो, मोजून बघ. आई भडकली. "मामा कसा मारीन बाई? दुसरा कोणीबी मारीन. मामा नाई."

मग थोड्या वेळाने, मेथी निवडता निवडता, "तू माह्या दिनूवर बी असाच संशय घेतं."
घेतेच.

१४ नोव्हें., शुक्र
नियम मोडला. रविवारी दोघींनी बघायचं ठरलं होतं. पण दोन दिवस दम निघेना. डोकं दुखतंय म्हणून अर्धी सुट्टी टाकली आणि कॉम्प्युटर लॅब रिकामी होती तिथे कोपऱ्यात बसून पूर्ण बघितला.

मीच बरोबर. तोच आहे. अकरा नाही, बारा खून. पहिला मियोच्या बापाचा, जो सगळ्यांना वाटत होतं पुरात गेला. त्याचा कंदील याने माळ्यावर लपवलेला. मियो ती काच उजेडात धरते आणि या वेळी चेहरा पुसलेला नाही. मी लॅबमध्ये एकटी तोंडावर हात धरून बसले. तीन वर्षं त्या पोरीला काटे काढून देणारा माणूस.

पण खरा घोटाळा पुढे आहे. शेवटी तो बापाच्या फोटोसमोर उभा राहून बोलतो, खाली अक्षरं येतात: माझा मोठा भाऊ. म्हणजे तो बापाचा धाकटा भाऊ. म्हणजे मामा नाहीच. काका!

चूक माझी. इंग्रजीत नुसतं 'अंकल' येतं. जपानीतही 'ओजी' म्हणजे दोन्ही. पहिल्या दिवशी विचार न करता मी 'मामा' म्हटलं, कारण काटे काढून देतो. काका असं करेल हे डोक्यातच आलं नाही. तीन सीझन मामा, मामा, मामा.

रविवारी आईला सांगावं लागेल. सॉरी म्हणायचं, काका म्हणायचं. हसेल.

१५ नोव्हें., शनि
दि.मा.चा फोन. मंगळवारचं पक्कं. आईने मेंदी साडी काढून ठेवली, भावाला दिसावी म्हणून.

दिवसभर एकच गोष्ट डोक्यात. उद्या मी 'काका' म्हटलंच नाही तर?
खोटं तर मी काही नवीन सांगणार नाही. जे तीन वर्षं म्हणतेय तेच म्हणायचं.

१६ नोव्हें., रवि
म्हटलं नाही.

दुपारी दोनला लावला. आई वाटाणे सोलत होती. कंदील माळ्यावरून खाली आला तेव्हाच तिचा हात थांबला. काच, काचेत पुराचा पूल, छत्री, चेहरा.
"मामानं?"
"हो."
"काटे काढून देनाऱ्या मामानं?"
"हो."
फोटोसमोरचं वाक्य आलं. 'माझा मोठा भाऊ' मी गिळलं. "तुझ्या बापाने मला कधी आपलं मानलं नाही, असं म्हणतोय," म्हणाले. आवाज नेहमीसारखाच निघाला. इतकं सोपं असतं हे, मला माहीत नव्हतं.

संपल्यावर आईने वाटाणे बाजूला ठेवले. उठली, मेंदी साडीची घडी कपाटात परत ठेवली. फोन लावला. "दिनू, मंगळवारी नाई जमत. पाय दुखून राह्यला."

जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटाणे मीच सोलून टाकले.

१८ नोव्हें., मंगळ
दि.मा. स्वतःच आला. न सांगता, भर दुपारी. मी नेमकी जेवायला घरी. हातात पिशवीभर सीताफळं आणि एक प्लॅस्टिकची फाईल.

"आक्का, कोणी काई सांगतलं का तुले?" विचारलं आईला, बघितलं माझ्याकडे.
आई म्हणाली, "कोन सांगनार?"
"नाई, एकदम पाय दुखला म्हून म्हटलं. अवं, पाइपलाइनचा कागद असो का झाडाचा, दरखेपी तुही सही लागते. दरखेपी तुले मेहकरले बोलवू का? एकडाव मोकळं होऊन जाऊ दोघं बी." मग फाईल आईपुढे. "कच्चा कागद हाये. वैशूकून वाचून घे. घाई नाई."

घाई नाही म्हणाला. हे भोळेपण की चलाखी? डोळ्याला डोळा मात्र एकदाही दिला नाही.

आणि मग त्याने सीताफळ फोडलं. अर्धं आईला. माझ्या अर्ध्यातल्या बिया बोटाने काढायला लागला, काढता काढता थांबला. "मोठी झाली तू आता," म्हणाला आणि तसंच दिलं. लहानपणी सुट्टीत जानेफळला गेले की तो मला बिया काढून द्यायचा. वाटीभर नुसता गर. मी हे विसरले होते.

पण काटे तर त्यानेही काढून दिले होते.

रात्री कागद वाचला, तीनदा. सगळे गट नंबर. आईला वावरं नावानं माहीत, विहिरीचं, चिंचेचं, नाल्याकडचं. नंबर एकही नाही. विहिरीचा तुकडा यात आहे की वगळलाय, मला कळलं नाही. फाईल फ्रिजवर ठेवली.

२० नोव्हें., गुरु
ऑफिसातून आले तर लॅपटॉप उघडा. आईने एकटीने लावला होता. सुरू कसा करायचा हे तिला मीच शिकवलेलं. पडद्यावर तो फोटोचा सीन, थांबवलेला.

"आनी म्हनते तो," आई म्हणाली. "फोटोले. दोन डाव म्हनते. मी पाच डाव लावून आयकलं."
मी पर्स खाली ठेवली.
"आनी म्हंजे मोठा भाऊ. तूच सांगतलं होतं. मंग तो मियोचा मामा कसा? काका झाला."
"चूक झाली आई. पहिल्या दिवसापासून. इंग्रजीत एकच शब्द असतो ना…"
"पह्यल्या दिवशी चुकली. आन् रईवारी?"

रविवारी चूक नव्हती. तेच सांगितलं. शुक्रवारी एकटीने बघितलं तेही सांगितलं. वाटलं रागावेल, बरं होईल. रागावली नाही. खूप हळू आवाजात म्हणाली, "दिनूवर संशय व्हता त दिनूचं नाव घ्यायचं. माह्या तोंडावर घ्यायचं. त्या जपानी मानसाच्या तोंडून काऊन बोलली तू?"

तिने फ्रिजवरची फाईल घेतली.
"तू म्हनशीन तेच माह्यासाठी लिवलेलं असते, वैशे. आता मी कोनाचं खरं मानू?"

खूप रडले. लाज वाटली म्हणून, दुसऱ्या कशासाठी नाही.

२१ नोव्हें., शुक्र
सकाळी म्हटलं, दे, कागद वाचून दाखवते, अक्षर न् अक्षर जसं आहे तसं. आई म्हणाली, "नको." साधंच म्हणाली. चार वर्षांत पहिल्यांदा या घरात काहीतरी वाचायचं होतं आणि मला नको म्हणाली.

संध्याकाळी फाईल पदराखाली धरून गल्लीच्या टोकाला तलाठीकाकांकडे गेली. रिटायर झालेत, मेहकर तालुक्यात नोकरी होती त्यांची, गट नंबर तोंडपाठ असतील. मी गॅलरीतून बघत राहिले. पाऊण तास लागला.

परत आली ती सरळ देवापाशी दिवा लावायला.
"काय निघालं? विहिरीचा तुकडा आहे त्यात?"
दिवा लावून झाला, उदबत्ती लावून झाली, मग म्हणाली, "शेवट आधी सांगायचा नसते."

२२ नोव्हें., शनि
भावाला फोन केला. माझ्यासमोरच, पण स्पीकर नाही. "सोमवारी येतो. हाव. पाय बरा हाये." त्याच्या बाजूचं एक अक्षर ऐकू आलं नाही. मी तोंडाकडे बघत होते, तोंडावरूनही काही कळलं नाही. पोस्टमनसारखं बारीक हसली की मला भास झाला?

मी येते म्हटलं. "तुह्यं ऑफिस हाये."

२४ नोव्हें., सोम
आठच्या मेहकर गाडीला बसवून आले. नेसली मेंदी साडीच. निघताना पेन मागितलं, दिलं. पेन घेतलं म्हणजे सही करणार. पण पोथीचा चष्माही घेतला, बाहेर जाताना कधीच नेत नाही. म्हणजे परत वाचणार? आणि उरलेली दोन सीताफळं पिशवीत टाकली. भावाला त्यानेच आणलेली सीताफळं परत नेतात का कोणी? की त्याला बिया काढून देणार आहे? लहानपणी त्याला तीच द्यायची म्हणे.

काचेतून हात केला. मी विचारलं, "आई, रागावलीस अजून?" गाडीच्या आवाजात तिला ऐकू आलं नाही, किंवा आलं.

साडेबारा. ऑफिसातून तीनदा फोन लावला. रिंग जाते, उचलत नाही. आत्ता जेवायला घरी आले तर फोन इथेच, देवाच्या फळीवर, चार्जिंगला लावलेला. तीन मिस्ड कॉल, तिन्ही माझे.

आई फोन कधी विसरत नाही.