हौदाची किल्ली

लातूर,
२८ मे १९८६

प्रिय महादेवी,

सर्वप्रथम एक गंभीर तक्रार नोंदवून घे. आपला जिल्हा वेगळा होऊन चार वर्षं होत आली, शासनाचं राजपत्र निघालं, कलेक्टर साहेबांची पाटी रंगवून झाली, आणि माझी सख्खी मुलगी अजून पत्त्यावर 'जि. उस्मानाबाद' लिहिते. परिणामी तुझं तीन ओळींचं पोस्टकार्ड आधी उस्मानाबादेला जाऊन आलं आणि मग दहाव्या दिवशी थकूनभागून आमच्या दारी पोचलं. पोस्टमन म्हणाला, मास्तर, पोरीला नांदेडला पाठवून काय शिकवून राहिलात? मी म्हटलं, नर्सिंग. तो म्हणाला, मग सुई तरी बरोबर जागी टोचली म्हणजे मिळवली.

तू विचारलंयस, समुद्र कसा होता. क्रमाने सांगतो. निलंग्याच्या शरणप्पा शेट्टींनी ठरवलेल्या यात्रेच्या बसमध्ये आम्ही बावन्न जण, एकोणीस पत्र्याच्या ट्रंका आणि आंब्याच्या लोणच्याची एक बरणी असे निघालो. ती बरणी गुलबर्ग्याच्या पुढे फुटली आणि माझं एकुलतं एक चांगलं धोतर कायमचं केशरी झालं. पाच दिवस बस चालत होती. तुझ्या अव्वाचे पाय सुजून खांबासारखे झाले. मी मनातल्या मनात संस्कृतचे धातू चालवत बसलो. मदुरैपर्यंत सगळे गण संपले, पण रस्ता संपेना. मंडपमला बस जी थांबली ती थांबलीच. कुठला तरी भाग तुटला होता आणि तो मदुरैहून यायचा होता. तिथून पुढे तशीही रेल्वेच. समुद्रावरच्या पुलावरून गाडी इतकी हळू जाते की खाली मासे मोजावेत. अशा रीतीने दोन दिवसांच्या दर्शनाचे रामेश्वर बेटावर सात दिवस झाले.

खरं सांगतो, आयुष्यात इतकी विश्रांती मी कधी घेतली नव्हती. धर्मशाळेतून बाहेर पडलं की वाळू, आणि वाळूच्या पुढे पाणी. आणि ते पाणी तरी कसं, लाटा नाहीत, गर्जना नाही, परातीत ओतून ठेवल्यासारखं स्वस्थ. काव्यांतून इतकी वर्षं खवळलेले सागर शिकवत आलो त्याची लाज वाटली. मी सकाळी पाय पाण्यात सोडून बसायचो तो भुकेनेच उठायचो. तुझी अव्वा शिंपले वेचायची आणि माझ्या टोपीत ठेवायची. एका म्हाताऱ्या कोळ्याशी तिची मैत्री झाली. तो तमिळ बोलायचा, ही आपली कन्नड-मराठी, आणि दोघं सुनांविषयी बोलतायत हे मला लांबूनही कळायचं. आपल्याला सून नाही ही अडचण तिला जाणवली नाही. पायांची सूज उतरली, झोप पुरी झाली, चेहऱ्यावर तेज आलं. हा झाला समुद्र. इथे पत्र संपवलं असतं तर तुझ्या प्रश्नाचं उत्तर पूर्ण झालं असतं.

पण तिथे देवळाच्या आवारात बावीस विहिरी आहेत. समुद्रात बुडी मारून यायचं आणि एकेका विहिरीपाशी ओल्यानेच उभं राहायचं. काठावर उभा असलेला माणूस बादलीने पाणी शेंदतो आणि डोक्यावर ओततो. आख्खी बादली. समुद्र हाकेच्या अंतरावर आणि पाणी गोड. पहिल्या बादलीला अव्वाने काय केलं असेल? दोन्ही हातांची ओंजळ करून डोक्यावरून निथळणारं पाणी धरायला लागली. सवय गं. दहा महिने अर्ध्या बादलीत आंघोळ आणि त्याच पाण्यात धुणं करणारी बाई. मग खाली बघून म्हणाली, "अहो, हे सगळं गटारीत चाललंय की." मी म्हटलं, तीर्थ आहे, बोलू नये. चौदाव्या की पंधराव्या विहिरीपाशी पाण्याच्या जोराने माझ्या गळ्यातल्या इष्टलिंगाच्या डबीवर काहीतरी टणकन आपटलं. आपल्या हौदाची किल्ली. हरवू नये म्हणून मी ती लिंगाच्याच दोऱ्यात ओवली होती. पुढच्या सगळ्या विहिरींना ती वाजत राहिली.

आम्ही निघायच्या आधीचा तो दिवस तुला आठवत असेलच. तू आम्हाला निरोप द्यायला दोन दिवस आली होतीस. मी डाव्या तळहातावर लिंग घेऊन पूजेला बसलो होतो, मौन होतं. शेजारच्या बिलकीसचाची दारात आल्या. त्यांची दिलशाद बाळंतपणाला माहेरी आलेली, पोर अकरा दिवसांचं, आणि नळाला पाणी आठव्या दिवशी. त्यांनी बाहेरूनच विचारलं, तुम्ही गावाला चाललात, तर हौदातून रोज दोन घागरी घेऊ का, बाळंतिणीपुरत्या. तू माझ्याकडे बघितलंस. मी उजव्या हाताचा पंजा उलटा केला, संपलं म्हणून. मौन मोडलं नाही, बघ. एवढा नियम पाळला. आणि तू दारात जाऊन म्हणालीस, "चाची, हौद कोरडा हाय. आम्हीच शाळेच्या बोअरवरून आणून राहिलो." हौद तेव्हा गळ्यापर्यंत भरलेला होता. परत आल्यावर आपल्याला काय, ही माझी चिंता. शाळेच्या बोअरची गोष्ट मात्र तुझी स्वतःची होती.

एकदा हौद कोरडा म्हटल्यावर तुझ्या बेलाला पाणी घालणंही अवघड झालं. अंगणात सगळ्यांसमोर घालणार कसं? दहावीला लावलेलं तुझं ते रोप मी मनातल्या मनात वारलं असं धरून निघालो.

परत आलो तर बेल हिरवा. मुळाशी माती ओली. मी वाकून ती चाचपली. तेवढ्यात बिलकीसचाचींचे पाशामियाँ कल्हईच्या भट्टीपाशी बसल्या जागेवरून ओरडले, "मास्तर, तुमचं झाड मेलं असतं की! नमाजाच्या आधी हातपाय धुतो ना आम्ही, ते पाणी खाली परात ठेवून धरलं. रोज पाच येळा. चांगलं पाणी हाय, देवाला पान चालंल का न्हाई ते तुमी बघा."

शास्त्र मला बरंच येतं. कुठलं पाणी शुद्ध, कुठलं उष्टं, यावर तासभर बोलू शकतो. त्या दिवशी ते बाजूला ठेवलं. तीन पानं तोडली, लिंगावर वाहिली, आणि मग कुलूप काढून दोन घागरी भरून त्यांच्या दारात नेल्या. काय बोलायचं ते वाटेत जुळवलं होतं. बिलकीसचाचींनी बोलू दिलं नाही. घागरी आत घेत म्हणाल्या, "असू द्या मास्तर. तुमची बादली पाण्यात पडती तवा आमच्या मोरीत ऐकू येतं. तुमी जायच्या आधी बी येत होतं, त्या दिवशी बी येत होतं." बाळ आत रडत होतं; सुखरूप आहे, काळजी करू नकोस. मी वळलो तेव्हा त्या मागून म्हणाल्या, "पर पोरगी लई हुशार हाय तुमची. बोलताना डोळा बी लवला न्हाई तिचा."

हौदाला आता कुलूप नाही. पाणी दोन घरांत चाललंय, आठ-दहा दिवस पुरेल, पुढचं पुढे बघू. त्यासाठी हे पत्र नाही. महादेवी, त्या दिवशी तू दारातून परत आलीस तेव्हा मला तुझं कौतुक वाटलं होतं. पूजेत बसल्या बसल्या मी हसलो होतो, आणि ते तू पाहिलंस. उद्या तुझ्या हातात रोग्यांचे तक्ते असतील, रात्री किती वाजता ताप बघितला ते तू लिहिशील, आणि कुणी तपासणार नाही. खोटं कसं बोलावं हे तू माझ्या हाताकडे बघून शिकलीस, आणि ते आता तुला सोपं जातं, याची मला फार भीती वाटते.

तुझाच,
अप्पा